लिनक्सचा विंडो मॅनेजर बदलताना नेमके काय बदलते?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११च्या अटींत न बसणारे, पण उत्तम चालणारे कितीतरी संगणक त्यामुळे अडचणीत आले आणि त्यांच्या मालकांपैकी अनेकांनी लिनक्सकडे मोर्चा वळवला. लिनक्स बसवून थोडे दिवस झाले की अशा नव्या वापरकर्त्याला कोणीतरी हमखास सुचवते, "यंत्र जुने आहे, तर विंडो मॅनेजर बदलून पाहा." सल्ला देणारा पुढे आयथ्री, ओपनबॉक्स, स्वे, हायपरलँड अशी नावे घेतो आणि ऐकणाऱ्याला प्रश्न पडतो, की आपण बदलणार आहोत ते नक्की काय : संपूर्ण लिनक्स, डेस्कटॉप, की केवळ खिडक्यांच्या कडांचे रंग?

हा गोंधळ वाढण्याला सध्या आणखी एक कारण आहे. लिनक्सच्या पडद्यामागची जुनी व्यवस्था (एक्स११) मोडीत निघत असून तिच्या जागी नवी (वेलँड) येत आहे. ऑक्टोबर २०२५मध्येच आलेल्या उबुंटू या लिनक्स-प्रकाराच्या २५.१० आवृत्तीने गनोम डेस्कटॉपचे जुन्या व्यवस्थेवरचे सेशन (लॉगिनपासून लॉगआउटपर्यंतचे कामाचे सत्र) काढून टाकले आणि पुढच्याच महिन्यात केडीईनेही आपल्या प्लाझ्मा डेस्कटॉपची ६.८ ही आवृत्ती फक्त नव्या व्यवस्थेवर चालेल असे जाहीर केले. त्यामुळे पाच-सात वर्षांपूर्वी अचूक असलेल्या कृती आज काही संगणकांवर चालतात आणि काहींवर मुळीच चालत नाहीत. हा फरक समजून घेतला, तर विंडो मॅनेजर बदलणे हे मुळीच अवघड काम नाही. अवघड आहे ते त्याच्याबरोबर गुपचूप निघून जाणाऱ्या सेवा ओळखणे, आणि या लेखाचा मोठा भाग त्यासाठीच राखून ठेवला आहे.

पडद्यावरची खिडकी कोण मांडते?

पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक चौकटीला, म्हणजे ब्राउझर, फाइलींची यादी किंवा हिशेबाचा तक्ता ज्या चौकटीत उघडतो तिला, आपण खिडकी म्हणू. खिडकीच्या आतला मजकूर ज्या त्या प्रोग्रामने रंगवलेला असतो. तो मजकूर प्रत्यक्ष पडद्यापर्यंत पोहोचवणे आणि कीबोर्ड व माउसचे इशारे योग्य खिडकीकडे नेणे ही डिस्प्ले सर्व्हरची जबाबदारी असते. मात्र खिडकी पडद्यावर कुठे उघडावी, तिची लांबी-रुंदी किती असावी, दोन खिडक्या एकमेकींवर आल्यास वर कोणती दिसावी, मथळ्याची पट्टी आणि बंद करण्याचे बटण कुठे असावे, हे ठरवणारा तिसराच प्रोग्राम असतो. तोच विंडो मॅनेजर.

लग्नाच्या कार्यालयाचे उदाहरण येथे चपखल बसते. सभागृह, वीज, पाणी ही कार्यालयाची बाजू. आलेले पाहुणे आपापल्या पोशाखात येतात. आणि पंगतीत कोणाला कुठे बसवायचे, किती जागा सोडायची, हे पंगत मांडणारा ठरवतो. काही कार्यालये केवळ जागा देतात आणि पंगतीची माणसे तुमची तुम्ही आणायची असतात. काही कार्यालयांत मात्र जागा आणि पंगत यांचा करार एकत्रच करावा लागतो. लिनक्सच्या जुन्या आणि नव्या व्यवस्थेतला मुख्य फरक हाच आहे.

ही मोकळीक आली कुठून?

जुन्या व्यवस्थेचे नाव एक्स विंडो सिस्टिम. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९८४मध्ये बॉब शाइफलर आणि जिम गेटीज यांनी तिची सुरुवात केली आणि सप्टेंबर १९८७मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. तीच एक्स११ या नावाने आजवर टिकली आहे. एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेनामध्ये वेगवेगळ्या उत्पादकांचे संगणक वापरात होते आणि त्या सर्वांवर एकच व्यवस्था चालवायची होती. त्यामुळे एक्सच्या रचनाकारांनी एक दूरगामी निर्णय घेतला : डिस्प्ले सर्व्हरने खिडक्या दाखवण्याची साधने पुरवायची, पण त्या कशा दिसाव्यात आणि कशा वागाव्यात याचे धोरण स्वतः ठरवायचे नाही. ते धोरण एका स्वतंत्र प्रोग्रामकडे सोपवले गेले. टॉम लास्ट्रेंज यांनी १९८७मध्ये लिहिलेला टीडब्ल्यूएम हा अशा प्रोग्रामांपैकी एक असून तो आजही बसवता येतो.

तांत्रिकदृष्ट्या ही व्यवस्था मोठी देखणी आहे. विंडो मॅनेजर सुरू होताच एक्स सर्व्हरकडे एक विनंती करतो, की कोणत्याही खिडकीला पडद्यावर यायचे असेल, सरकायचे असेल किंवा आकार बदलायचा असेल, तर ती मागणी आधी माझ्याकडे पाठवा. सर्व्हर हा अधिकार एका वेळी एकाच प्रोग्रामला देतो. दुसरा विंडो मॅनेजर सुरू करू पाहिल्यास 'आधीच एक चालू आहे' अशा अर्थाची तक्रार दिसते ती यामुळेच, आणि अनेक विंडो मॅनेजरांना 'रिप्लेस' हा पर्याय जोडून सुरू केल्यास ते आधीच्याला बाजूला करून अधिकार घेतात तेही यामुळेच. याचा आणखी एक परिणाम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एक्सवर चालणारा विंडो मॅनेजर मध्येच कोसळला, तरी उघडलेले प्रोग्राम बंद पडत नाहीत. खिडक्यांच्या पट्ट्या नाहीशा होतात, खिडक्या हलवता येत नाहीत, पण अर्धवट लिहिलेले पत्र जागच्या जागी असते आणि विंडो मॅनेजर पुन्हा सुरू केला की सर्व पूर्ववत होते.

डेस्कटॉप आणि विंडो मॅनेजर यांत फरक काय?

नव्वदच्या दशकात लिनक्स वापरणाऱ्याला विंडो मॅनेजर, फाइल पाहण्याचा प्रोग्राम, आवाजाचे नियंत्रण, पार्श्वभूमीचे चित्र हे सारे वेगवेगळ्या ठिकाणांहून जमवावे लागे आणि त्यांतली कोणतीही दोन साधने एकसारखी दिसत नसत. हा त्रास टाळण्यासाठी १९९६मध्ये माथियास एट्रिख यांनी केडीई आणि १९९७मध्ये मिगेल दे इकाझा व फेडेरिको मेना यांनी गनोम हे प्रकल्प सुरू केले. एकमेकांशी जुळवून घेणाऱ्या अशा प्रोग्रामांच्या संचाला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट किंवा थोडक्यात डेस्कटॉप म्हणतात. विंडो मॅनेजर हा त्या संचाचा एक घटक : केडीईमध्ये त्याचे नाव केविन, गनोममध्ये मटर, एक्सएफसीईमध्ये एक्सएफडब्ल्यूएम, मातेमध्ये मार्को.

हा घटक संचातून सुटा काढता येतो का, याचे उत्तर डेस्कटॉपगणिक बदलते. एक्सएफसीई, माते आणि एलएक्सक्यूटी यांच्या एक्स११वरील सेशनमध्ये तो बदलता येतो. एलएक्सक्यूटीमध्ये तर सेशनच्या सेटिंगमध्येच विंडो मॅनेजर निवडण्याची सोय आहे. गनोममध्ये मात्र २०११च्या तिसऱ्या आवृत्तीपासून डेस्कटॉपचे सारे दृश्य रूप मटरच्या पोटातच चालते, म्हणून गनोम ठेवून मटर काढणे शक्य नाही. पूर्वी गनोमवर काँपिझ हा विंडो मॅनेजर चढवून खिडक्यांचा फिरता घन दाखवणाऱ्या कृती खूप गाजल्या होत्या. त्या गनोमच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळातल्या आहेत आणि आजच्या गनोमला त्या लागू पडत नाहीत.

खिडक्या मांडण्याच्या दोन पद्धती

बहुतेकांच्या सवयीची पद्धत अशी, की खिडक्या कागदांसारख्या एकमेकींवर पडतात आणि आपण त्या माउसने ओढून हव्या तिथे ठेवतो. ओपनबॉक्स, फ्लक्सबॉक्स, आइसडब्ल्यूएम हे याच पद्धतीचे हलके विंडो मॅनेजर आहेत. दुसऱ्या पद्धतीला टायलिंग म्हणतात. तिच्यात खिडक्या एकमेकींना झाकत नाहीत. पहिली खिडकी उघडली की ती पूर्ण पडदा व्यापते, दुसरी उघडली की पडद्याचे दोन भाग होतात, तिसरी आली की त्यांतल्या एका भागाचे पुन्हा विभाजन होते. हे सर्व विंडो मॅनेजर स्वतः करतो आणि त्याला सूचना मुख्यतः कीबोर्डवरून दिल्या जातात. २००६चा डीडब्ल्यूएम, २००७चे ऑसम आणि एक्समोनॅड आणि मिखाएल श्टापेलबेर्ग यांनी २००९मध्ये सुरू केलेला आयथ्री हे या परंपरेतले प्रमुख.

लेखन, भाषांतर, प्रोग्रामिंग किंवा तपासणी करणाऱ्या, म्हणजे दोन-तीन मजकूर सतत शेजारी-शेजारी ठेवून काम करणाऱ्या माणसाला टायलिंग फार सोयीचे पडते, असे माझे मत आहे. मूळ मजकूर डावीकडे, आपला मसुदा उजवीकडे, शब्दकोश दुसऱ्या कार्यपटावर (म्हणजे खिडक्यांचा वेगळा गट ठेवण्याच्या दुसऱ्या आभासी पडद्यावर), आणि तिथे जायला एकच कळजोड : या व्यवस्थेची सवय झाल्यावर माउसने खिडक्या ओढत बसणे जिवावर येते. चित्रे संपादित करणाऱ्याला किंवा लहान-लहान तरंगत्या पेट्या असलेले प्रोग्राम वापरणाऱ्याला मात्र तिच्यात फारसा लाभ नाही.

प्रत्यक्ष बदल कसा करायचा?

उदाहरण म्हणून डेबियन या लिनक्स-प्रकारावर एक्सएफसीई डेस्कटॉप असलेला संगणक घेऊ आणि त्यावर आयथ्री आणू. एक्सएफसीई काढून टाकायचे नाही, हा यातला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम. सॉफ्टवेअर बसवणाऱ्या पॅकेज मॅनेजरमधून 'आयथ्री' हे पॅकेज बसवायचे, एवढेच. बसताना ते पॅकेज संगणकातील 'एक्स-सेशन्स' या फोल्डरात एक छोटी फाइल ठेवते. लॉगिनचा पडदा याच फोल्डरातील फाइली वाचून सेशनची यादी दाखवतो. त्यामुळे लॉगआउट करून परत आल्यावर सेशन निवडण्याच्या चिन्हात एक्सएफसीईच्या जोडीला आयथ्री हे नाव दिसू लागते. ते निवडून पासवर्ड दिला की नवे सेशन सुरू होते. पुढच्या वेळी जुने नाव निवडले की जुना डेस्कटॉप हजर.

आयथ्री पहिल्यांदा सुरू होताना दोन प्रश्न विचारतो : तुमच्यासाठी सेटिंगची फाइल तयार करू का, आणि मुख्य कळ म्हणून कोणती कळ वापरू. मुख्य कळ म्हणजे आयथ्रीला द्यायच्या जवळजवळ प्रत्येक आज्ञेत दाबून धरायची कळ. विंडोजचे चिन्ह असलेली सुपर कळ निवडावी हे बरे, कारण दुसरा पर्याय असलेली आल्ट कळ इतर प्रोग्राम स्वतःसाठी वापरतात. यानंतर समोर येतो तो रिकामा पडदा आणि तळाशी एक अरुंद पट्टी. नवखा माणूस इथेच गांगरतो, कारण तिथे ना मेनू असतो ना चिन्हे. त्यासाठी चार कळजोड आधीच कागदावर लिहून ठेवावेत. मुख्य कळ आणि एंटर दाबल्यास टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडते. मुख्य कळ आणि डी दाबल्यास वर एक ओळ उमटते आणि तिच्यात प्रोग्रामचे नाव टाइप करून तो सुरू करता येतो. मुख्य कळ, शिफ्ट आणि क्यू यांनी खिडकी बंद होते. मुख्य कळ, शिफ्ट आणि ई यांनी बाहेर पडता येते. मुख्य कळ आणि आकडा यांनी कार्यपट बदलतो, हे आपोआपच लक्षात राहते.

बाकी सर्व वर्तन त्या एका सेटिंगच्या फाइलीत साध्या मजकुरात लिहिलेले असते. तिच्यात बदल करून मुख्य कळ, शिफ्ट आणि सी दाबले की ती पुन्हा वाचली जाते आणि काही चुकले असल्यास आयथ्री तशी सूचना पडद्यावर दाखवतो. ही फाइल जपून ठेवली तर नव्या संगणकावर आपली संपूर्ण मांडणी एका प्रतीत नेता येते.

न सांगता निघून जाणाऱ्या सेवा

नव्या सेशनमध्ये तासभर काम केले की एकेक उणीव जाणवू लागते आणि पुष्कळ जण 'आयथ्री अर्धवट आहे' असा निष्कर्ष काढून परततात. वास्तविक त्या गोष्टी विंडो मॅनेजरच्या नव्हत्याच. डेस्कटॉप सुरू होताना तो पार्श्वभूमीत अनेक लहान प्रोग्राम चालू करत असे आणि आता ते कोणी सुरू करत नाही, म्हणून त्या सेवा बंद असतात.

सर्वांत आधी पाहावे ते पडद्याच्या कुलपाकडे. लॅपटॉपचे झाकण मिटले की संगणक झोपतो, पण उघडल्यावर पासवर्ड विचारला जाईलच असे नाही. कुलूप लावण्याचे काम आयथ्रीलॉक करतो, आणि संगणक झोपण्यापूर्वी त्याला हाक मारण्याचे काम एक्सएसएस-लॉक नावाचा वेगळा प्रोग्राम करतो. आयथ्रीच्या मूळ सेटिंगमध्ये त्यासाठीची ओळ असते, परंतु तो प्रोग्रामच बसवलेला नसेल तर ती ओळ काही न बोलता निष्फळ ठरते. नवे सेशन सुरू केल्याच्या पहिल्याच दिवशी झाकण मिटून, उघडून ही खात्री करून घ्यावी. कार्यालयीन किंवा इतरांची माहिती असलेल्या संगणकावर ही खात्री केल्याशिवाय नवे सेशन वापरूच नये.

त्यानंतर बॅटरी. ती संपत आल्याची सूचना एक्सएफसीईचा पॉवर मॅनेजर देत होता. तो सुरू नसेल तर लॅपटॉप कसलाही इशारा न देता बंद पडू शकतो. वायफायचे चिन्ह दाखवणारा नेटवर्कचा छोटा प्रोग्राम, सूचनांच्या पेट्या दाखवणारा डन्स्ट, पेनड्राइव्ह आपोआप जोडणारा यूडिस्की, यांचीही तीच कथा. प्रशासकाचा पासवर्ड विचारणारी पेटी दाखवणाऱ्या प्रोग्रामाला पॉलिसीकिट एजंट म्हणतात. तो नसेल तर सॉफ्टवेअर बसवण्याचा किंवा डिस्कची विभाजने बदलण्याचा चित्रमय प्रोग्राम सुरूच होत नाही किंवा मध्येच नकार देतो, आणि कारण मात्र पडद्यावर दिसत नाही. मला वाटते, नवख्यांना सर्वाधिक छळणारी उणीव हीच असावी, कारण इथे काय हरवले आहे याचा सुगावाच लागत नाही.

अक्षरांचा आकार आणि रंगसंगती बदललेली दिसते, कारण ती राखणारा एक्सएफसीईचा सेटिंग-प्रोग्राम चालू नसतो. यावर एक सोपा उपाय आहे. एक्सएफसीई संगणकावर आहेच, तर त्याचा सेटिंग-प्रोग्राम आणि पॉवर मॅनेजर हे दोन्ही आयथ्रीच्या फाइलीत सुरुवातीला चालवण्याच्या यादीत लिहून टाकावेत. तेथे ते व्यवस्थित चालतात. सूचनांच्या बाबतीत मात्र दक्षता हवी. डन्स्ट आणि एक्सएफसीईचा सूचना-प्रोग्राम दोन्ही संगणकावर असतील तर एक्सएफसीईत परतल्यावरही सूचना डन्स्टच्या रूपात दिसू शकतात. सेशन वेगळे असले तरी गृहफोल्डर आणि बसवलेली पॅकेजे दोघांत सामाईक असतात, हे त्यामागचे कारण.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी

एक्सएफसीईच्या कीबोर्ड-सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडले असेल, तर ते नव्या सेशनमध्ये नाहीसे झालेले दिसेल. कीबोर्डची मांडणी संपूर्ण संगणकासाठी ठरवणारी डेबियनची स्वतंत्र फाइल आहे. तिच्यात इंग्रजी आणि भारतीय गटातील मराठी, दोन्ही लिहिले की कोणत्याही सेशनमध्ये ती उपलब्ध राहतात. उच्चारानुसार टाइप करणारे बहुधा आयबस किंवा एफसायटीएक्स५ ही टंकलेखनाची साधने वापरतात. ते डेबियनच्या 'आयएम-कॉन्फिग' या साधनातून एकदा निवडून ठेवले तर एक्सवरील सेशनबरोबर आपोआप सुरू होतात. इतर ठिकाणी ते सुरू करण्याची ओळ आपल्या फाइलीत घालावी लागते.

इथे एक खोच आहे. भाषा बदलण्यासाठी आयबस मुळातच सुपर आणि स्पेस हा कळजोड वापरतो, आणि सुपर ही मुख्य कळ निवडलेल्या आयथ्रीत तोच जोड तरंगत्या व मांडलेल्या खिडक्यांमध्ये जाण्यासाठी राखलेला असतो. दोघांची टक्कर होते आणि मराठी सुरूच होत नाही असे वाटते. दोहोंपैकी एकाचा जोड बदलला की प्रश्न मिटतो. दुसरी अडचण जोडाक्षरांची : आयथ्रीबरोबर येणारा डीमेनू (मुख्य कळ आणि डी दाबल्यावर उमटणारी ती ओळ) देवनागरी अक्षरे सुटी-सुटी मांडतो, त्यामुळे त्यात मराठी नावे विचित्र दिसतात. त्याच्या जागी रोफी वापरल्यास जोडाक्षरे नीट दिसतात. मराठीत रोज लिहिणाऱ्याने हा बदल पहिल्याच दिवशी करून टाकावा.

संगणक बिघडला तर?

वर सांगितलेल्या पद्धतीत ही भीती जवळजवळ निराधार आहे, कारण जुने सेशन जसेच्या तसे शिल्लक असते. नवे सेशन काळा पडदा दाखवून अडकलेच, तर कंट्रोल, आल्ट आणि एफ३ एकत्र दाबल्यावर अक्षरांचे लॉगिन उघडते. तिथून चुकीची सेटिंगची फाइल दुसऱ्या नावाने हलवता येते किंवा संगणक पुन्हा सुरू करून जुने सेशन निवडता येते. खरा धोका फक्त एकाच कृतीत आहे, आणि ती म्हणजे 'आता याची गरज नाही' असे समजून जुना डेस्कटॉप काढून टाकणे. त्याच्याबरोबर लॉगिनचा पडदा किंवा नेटवर्कचे चिन्ह दाखवणारा प्रोग्रामही निघून जाऊ शकतो. डिस्कवरची थोडी जागा वाचवण्यासाठी हे करू नये.

ज्यांना डेस्कटॉपच्या सेवा अजिबात सोडायच्या नाहीत, त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. एक्सएफसीई चालू असतानाच ओपनबॉक्स 'रिप्लेस' पर्यायासह सुरू करायचा आणि जमले असे वाटल्यास सेशन जतन करायचे. पॅनेल, बॅटरी, कुलूप, मराठी कीबोर्ड सर्व पूर्वीसारखे राहते आणि फक्त खिडक्यांचे वागणे बदलते. आयथ्रीही असा बसवता येतो, मात्र त्या वेळी पार्श्वभूमी आणि चिन्हे रंगवणारा एक्सएफसीईचा प्रोग्राम बंद ठेवावा लागतो.

जुना संगणक वेगवान होईल का?

थोडासा होईल. गनोम किंवा प्लाझ्मासारख्या मोठ्या डेस्कटॉपवरून आयथ्री किंवा ओपनबॉक्सवर आल्यास लॉगिननंतर लागणारी मेमरी कमी होते आणि चार जीबी किंवा त्याहून कमी मेमरी असलेल्या यंत्रावर तो फरक जाणवतो. एक्सएफसीईवरून आल्यास फरक कमी असतो, कारण तो मुळातच हलका आहे. पण ब्राउझर उघडून पाच-दहा पाने वाचायला घेतली की मेमरी खाणारा मुख्य घटक ब्राउझरच ठरतो आणि विंडो मॅनेजरने वाचवलेली मेमरी त्यापुढे किरकोळ होते. जुन्या यंत्राला वेग हवा असेल तर फिरत्या हार्डडिस्कऐवजी एसएसडी बसवणे आणि मेमरी वाढवणे याला पर्याय नाही. विंडो मॅनेजर बदलण्याचे समर्थनीय कारण काम करण्याची पद्धत हे आहे. वेगाच्या आशेने केलेला बदल बहुधा निराशा करतो.

एक्स जाणार असेल तर हे शिकण्यात अर्थ आहे का?

नव्या व्यवस्थेचे नाव वेलँड. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८मध्ये ती सुरू केली. तिच्यात डिस्प्ले सर्व्हर आणि विंडो मॅनेजर हे दोन वेगळे प्रोग्राम नसतात. दोन्ही कामे एकच प्रोग्राम करतो आणि त्याला कंपोझिटर म्हणतात. सभागृह आणि पंगत यांचा करार एकत्र असलेले कार्यालय ते हेच. परिणामी वेलँडवर विंडो मॅनेजर बदलायचा म्हणजे कंपोझिटर बदलायचा. चालू सेशनमध्ये 'रिप्लेस' करून ते होत नाही, आणि कंपोझिटर कोसळला तर सहसा त्यातले प्रोग्रामही बंद पडतात. एक्ससाठी लिहिलेले जुने प्रोग्राम एक्सवेलँड नावाच्या दुव्यातून चालतात, परंतु आयथ्री किंवा ओपनबॉक्सला त्या दुव्यातून संपूर्ण पडद्याचा ताबा मिळत नाही.

मग या एकत्रीकरणाची गरज काय होती, असे कोणी विचारील. एक्सवर चालणारा कोणताही प्रोग्राम दुसऱ्या खिडकीत दाबलेल्या कळा वाचू शकतो आणि तिचे चित्रही घेऊ शकतो. बँकेचा पासवर्ड टाइप करण्याच्या काळात ही मोकळीक परवडणारी नाही. वेलँडमध्ये प्रत्येक प्रोग्रामला फक्त स्वतःच्या खिडकीपुरतेच दिसते आणि बाकी सर्व कंपोझिटरच्या परवानगीने होते. जुन्या रचनेचे सौंदर्य मला मनापासून आवडते, तरीही ही अदलाबदल योग्य आहे असेच मी म्हणेन.

निवडीचा हक्क मात्र संपलेला नाही. ड्रू डिव्हॉल्ट यांनी सुरू केलेल्या स्वे या कंपोझिटरची १.० आवृत्ती मार्च २०१९मध्ये आली. तो आयथ्रीची सेटिंगची फाइल थोड्या फेरफारांनिशी वाचतो, त्यामुळे आज आयथ्रीवर बसवलेला हात उद्या वाया जात नाही. ओपनबॉक्सच्या धर्तीवर लॅबडब्ल्यूसी हा कंपोझिटर तयार झाला आहे. रास्पबेरी पाय ओएसने पूर्वी ओपनबॉक्स, नंतर मटर, मग वेफायर आणि ऑक्टोबर २०२४पासून लॅबडब्ल्यूसी असा प्रवास केला, आणि तरीही डेस्कटॉपचे बाह्यरूप साधारण तेच राखले. एलएक्सक्यूटीने नोव्हेंबर २०२४च्या २.१ आवृत्तीत वेलँडचे सेशन आणताना कोणता कंपोझिटर वापरायचा हे वापरकर्त्यावरच सोपवले. बसवण्याची रीतही ओळखीचीच आहे : फाइल 'एक्स-सेशन्स'ऐवजी 'वेलँड-सेशन्स' या फोल्डरात जाते आणि लॉगिनच्या यादीत नवे नाव दिसते.

वेलँडवर जाण्यापूर्वी काय तपासावे?

ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाचे असून त्याच कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर वापरात असेल, तर स्वेचे निर्माते त्याला अधिकृत पाठिंबा देत नाहीत. अशांनी केडीई किंवा गनोमचे कंपोझिटर वापरणे इष्ट. ऑनलाइन बैठकीत पडदा दाखवायचा असेल, तर परवानगीची देवाणघेवाण करणारे पोर्टल नावाचे वेगळे पॅकेज लागते. स्वेसाठी त्याचा स्वेला जुळणारा प्रकार बसवावा आणि महत्त्वाच्या बैठकीच्या आदल्या दिवशी एकदा पडताळून पाहावा. मराठीची मांडणी स्वेच्या फाइलीतील कीबोर्डच्या भागात लिहावी लागते, कारण एक्सवर कीबोर्ड बदलणाऱ्या आज्ञा तिथे चालत नाहीत.

दृष्टिबाधित वापरकर्त्यांनी पडदा वाचून दाखवणारा ऑर्का आपल्या निवडलेल्या सेशनमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालतो का, हे सर्वांआधी पाहावे. या बाबतीत गनोम आणि माते यांवर पुष्कळ काम झालेले आहे आणि लहान कंपोझिटरांवर ते तितके झालेले नाही. ज्यांचा संगणक घरात अनेक जण वापरतात, त्यांनी नवे सेशन स्वतःच्या खात्यापुरते ठेवावे. लॉगिनचा पडदा सहसा प्रत्येक खात्याची शेवटची निवड वेगवेगळी लक्षात ठेवतो, त्यामुळे बाकीच्यांना त्यांचा ओळखीचा डेस्कटॉप पूर्वीप्रमाणेच मिळत राहतो.